परिशिष्ट सात

४ फेब्रुवारी २०१८, रविवार. हफ्र अल बातिन, सौदी अरेबिया

सतरा जणांशी बोललो. सतराही जणांनी तेच सांगितलं. आणि नुसतं तेच नाही, त्याच शब्दांत! "पगार पूरा मिलता है साब, टाइम पे मिलता है, कोई शिकायत नहीं." केरळचा असो, बिहारचा असो, म्हसळ्याचा असो. म्हसळ्याचा आकिब तर आपलाच, मी मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत! पाठ केलेलं असलं की भाषा बदलता येत नाही.

नऊ वर्षं हेच काम करतोय. इथल्या सरकारी खात्याच्या प्रत्येक कंत्राटाला शेवटी एक यादी जोडलेली असते, परिशिष्ट सात. गवंड्याला कमीत कमी इतके रियाल, पाइप बसवणाऱ्याला इतके, मदतनीसाला इतके. त्या भागात जो दर चालू असेल तो. कंत्राटदाराने त्याच्या खाली जायचं नाही. आणि तो जात नाही ना, हे बघायला आमची सल्लागार कंपनी मला साइटवर पाठवते. मी एकेका मजुराला फोरमनपासून लांब कंटेनरमध्ये बसवतो, दार लावतो आणि विचारतो, हातात किती पडतात? मग बँकेच्या कागदाशी ताडून बघतो. एवढंच. मजूर मला "पगारसाब" म्हणतात. खरं नाव उदय, ते कुणाला माहीत नाही.

इतकं गुळगुळीत उत्तर नऊ वर्षांत कधी मिळालं नव्हतं. कुणीतरी पढवलंय. फोरमन बदरुद्दीन. दुसरं कोण? दाभोळचा आहे, साठीला आलाय, इथे वीस वर्षं काढलीत. सगळे त्याला बदरुचाचा म्हणतात. मी कंटेनरबाहेर आलो की चहाचा कप घेऊन हजर. "दमलात भाऊ तुमी, घ्या." एवढी काळजी कशासाठी?

चहा घेतला. चांगला होता.

८ फेब्रुवारी, गुरुवार

दम्मामच्या ऑफिसातून जयदीपचा फोन. जयदीप माझा वरिष्ठ, पुण्याचा, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आधी हवापाण्याच्या गप्पा. तेव्हाच ओळखलं, काहीतरी वाईट आहे.

"उदयजी, नव्या निविदेचा मसुदा आलाय. एक एप्रिलपासून परिशिष्ट सात नाही."

"नाही म्हणजे?"

"काढलं. मजुरी ठरवणं हे आपलं काम नाही, असं खातं म्हणतंय. कामं महाग पडतात. ज्याची बोली कमी त्याला काम. मग तो मजुराला काय देतो ते त्याचं तो बघेल."

"मग मी?"

"बघू ना काहीतरी."

बघू! ही बातमी याला आज कळली? मागच्या महिन्यात माझ्या गाडीचा करार वर्षाऐवजी तीनच महिन्यांचा केला होता त्याने. तेव्हा म्हणाला, टायपिंगची चूक.

१० फेब्रुवारी, शनिवार. दम्माम

पावणेपाचशे किलोमीटर गाडी चालवून घरी आलो, पण शोभनाला काही सांगितलं नाही. गौरीची दहावीची परीक्षा तोंडावर आहे. तिच्या मागे उभा राहून वही बघत होतो, तर म्हणाली, "पप्पा, प्लीज! डोन्ट चेक ऑन मी. मी काय तुमची लेबर आहे?"

शोभना हसली. मग हळूच विचारलं, "काही झालंय का?" नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही. का विचारलं नाही? जयदीपची बायको तिच्या भिशीत आहे. हिला आधीच माहीत असेल तर?

इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जूनपर्यंत. काम गेलं की इकामा गेला, इकामा गेला की तिघंही गेलो. नाशिकला जाऊन या वयात काय करणार!

१३ फेब्रुवारी, मंगळवार. हफ्र

तीन कंपन्यांना अर्ज केले. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर. मनुष्यबळ, पगार, हजेरी या सगळ्या जागा आता फक्त सौदी माणसांसाठी. एकाने तर सरळ विचारलं, "फोर्कलिफ्ट चालवता येते का?"

१९ फेब्रुवारी, सोमवार

पाऊस पडून गेलाय. शहरातली माणसं तंबू घेऊन वाळवंटात चाललीत, जमिनीतली फगा, म्हणजे वाळवंटी अळंबी, उकरायला. बाजारात ती सोन्याच्या भावाने विकतात. आमचे मजूर मात्र खड्ड्यात, सांडपाण्याचे पाइप टाकतायत.

आज परत चौघांना बोलावलं. पुन्हा तेच वाक्य. बदरुद्दीन लांबून बघत होता. मी बघितल्यावर त्याने मान फिरवली.

मी विचार करतोय. काहीतरी मोठं सापडलं, तर? शेवटच्या महिन्यात पगारात चोरी उघडी पाडली, तर खात्याला म्हणता येईल, बघा, यादी होती तरी हे चालतं, यादी काढलीत तर काय होईल! मग कदाचित यादी राहील. आणि मीही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं!

आज पगार जमा झाला. संध्याकाळी बँकेच्या यंत्रासमोर गाडी लावून बसलो. काचा वर, डोक्यावर टोपी. कँपची बस आली. एकेक जण पैसे काढून बाहेर येत होता आणि पेट्रोलपंपाच्या भिंतीशी उभ्या असलेल्या बदरुद्दीनच्या हातात नोटा देत होता. प्रत्येक जण! तो मोजतही नव्हता, घडी करून पिशवीत टाकत होता.

म्हणजे हे असं आहे तर. बँकेच्या कागदावर परिशिष्ट सातप्रमाणे पूर्ण पगार, आणि बाहेर फोरमनची कमाई. वीस वर्षं हा माणूस बिनदाढीचा पीर बनून राहिला आणि मी त्याचा चहा प्यालो!

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आकिबला एकट्याला गाठलं. पाण्याच्या टँकरमागे. पस्तिशीचा माणूस, पाइप जोडतो, डोळ्याला डोळा देत नाही.

"काल बदरुचाचाला किती दिलेस?"

त्याने टँकरचा नळ उगाच घट्ट केला.

"मी बघितलंय आकिब. बोलला नाहीस तरी लिहिणारच आहे."

"दीडशे," तो म्हणाला. "सगळेच देतात. चाचासाठी नाय हो. बाळारामसाठी."

"कोण बाळाराम?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "मी सांगितलं म्हणू नका. चाचालाच विचारा."

मजुरांच्या यादीत बाळाराम नावाचा कुणी नाही. भुताला पगार? छान!

१ मार्च, गुरुवार

बदरुद्दीनला विचारलं. मला वाटलं होतं कानावर हात ठेवील. त्याने हातातली टेप खाली ठेवली, "चला भाऊ," म्हणाला आणि मला कँपवर घेऊन गेला.

स्वयंपाकघराच्या मागे एक खोली. तिथे खाटेवर एक माणूस पडलेला. बाळाराम. पेणकडचा, चाळिशीचा. नोव्हेंबरमध्ये खड्ड्याची बाजू ढासळून हा पाइपाखाली सापडला. पाठ गेली. धरून दहा पावलं चालतो, मग थांबतो. कंपनीने लिहून टाकलं, त्या दिवशी हा कामावर नव्हताच. नाव यादीतून काढलं, पगार बंद. कामगार कचेरीत दावा चालू आहे. निकालाआधी देश सोडला तर दावा संपला. म्हणून बदरुद्दीनने त्याला इथे ठेवलाय, आणि सगळे महिन्याला दीडशे काढतात. औषधपाणी, जेवण आणि घरी पाठवायला पगार.

"बायकोला वाटतंय मी कामावर आहे," बाळाराम म्हणाला. "साहेब, मना घरी कलवायचं नाय. दोन पोरी हायेत. निकाल लागला का सांगीन."

माझ्याकडे बघत राहिला. "तुमी लिवनार का?"

"तुमचं नाव कुठे येणार नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "मंग बरा."

बाहेर आल्यावर बदरुद्दीन म्हणाला, "कायच लिवू नका भाऊ. मुआजला कळला तर हा उद्या रस्त्यावर." मुआज म्हणजे कंत्राटदार कंपनीचा इथला मॅनेजर.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

४ मार्च, रविवार

झोप नाही. सतरा गुणिले दीडशे, एवढे सगळे बाळारामला पोचतात? कुणी पाहिलंय? बदरुद्दीन मधले किती ठेवतो?

५ मार्च, सोमवार

मुद्दाम दुपारी, बदरुद्दीन साइटवर असताना, कँपवर गेलो. बाळारामला विचारलं, चाचा किती देतो? त्याने उशीखालून पिवळ्या पावत्यांचा गठ्ठा काढून दिला. दवाखाना, गोळ्या, पट्टा, घरी पाठवलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या. सगळं जुळतं. उलट बदरुद्दीनने स्वतःचे वर घातलेत.

"चाचाचा संशय घेतांव?" बाळारामने विचारलं. रागाने नाही. नवल वाटल्यासारखं.

"आमचं कामच आहे ते," मी म्हटलं.

आज गौरीचा पहिला पेपर होता. फोन करायचा राहून गेला.

११ मार्च, रविवार

रिपोर्ट लिहिला.

नियम स्पष्ट आहे. पगारातून परत जाणारी कुठलीही रक्कम कळवायची, कारण काहीही असो. नऊ वर्षांत मी एकदाही नियम मोडला नाही. आता मोडून उद्या ते बाहेर आलं, तर मीच सामील होतो असं ठरेल. जयदीप तर टपलेलाच आहे.

मोजून लिहिलं. "तपासलेल्या सर्व सतरा कामगारांकडून दरमहा दीडशे रियाल परत जमा केले जातात. कामगार ही रक्कम स्वखुशीने देतात. एकाचीही तक्रार नाही. काम सोडून जाण्याचा विचार कुणी बोलून दाखवला नाही." बाळारामचं नाव नाही, बदरुद्दीनचं नाही. कशासाठी, तेही लिहिलं नाही.

शेवटी एक ओळ घातली. परिशिष्ट सात चालू ठेवावं, तपासणी वाढवावी. आता तरी त्यांचे डोळे उघडतील!

१४ मार्च, बुधवार

जयदीप फोनवर: "उत्तम रिपोर्ट! एकदम डिटेल." उत्तम? हा कधी कौतुक करत नाही. पुढे म्हणाला, "नियमाप्रमाणे कंत्राटदारालाही प्रत पाठवलीय."

१८ मार्च, रविवार

मुआजने ऑफिसात बोलावलं. वाटलं, धमकी. फोनवर रेकॉर्डिंग चालू करून आत गेलो.

मुआज महाडचा. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बोलणं मऊ. समोर खजूर आणि काहवा, अरबी कॉफी.

"उदयभाऊ, तुमचा रिपोर्ट दोनदा वाचला. आम्ही नव्या कामाच्या बोलीवर अडकलो होतो. माणसं किती खालपर्यंत टिकतील, हे कळतच नव्हतं. जास्त कापलं तर पळतात, कमी कापलं तर काम दुसरा नेतो. तुम्ही आकडाच दिलात."

मला समजेना.

"दीडशे," तो म्हणाला. "दीडशे कमी मिळाले तरी ही माणसं जगतात, तक्रार करत नाहीत, सोडून जात नाहीत. तुम्हीच लिहिलंय. बोली त्यावर लावली. काम आपलं झालं."

मी काहवा खाली ठेवला.

मग म्हणाला, "एक सांगा, हे पैसे ते देतात कुणाला?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे थोडा जास्तच वेळ पाहिलं. "असो. आमच्या पाच साइट आहेत. प्रत्येक ठिकाणचा माणूस किती खाली येऊ शकतो, ते मला हवंय. विचारायची हातोटी तुमच्याकडे आहे. तुमच्याशी लोक बोलतात. एक एप्रिलपासून या. इकामा आम्ही बदलून घेतो. बायको-मुलगी, सगळ्यांचा."

मी खजूर उचलून खाल्ला.

गाडीत बसल्यावर रेकॉर्डिंग पुसून टाकलं. का पुसलं?

२१ मार्च, बुधवार

नवे दर कँपवर लागले. एक एप्रिलपासून प्रत्येकाला दीडशे कमी. मान्य नसेल त्याने एक्झिट घ्यावी, म्हणजे कायमचं मायदेशी जावं. मुआजने बदरुद्दीनला तोंडावर सांगितलं, "तुम्ही दरमहा काढून देताच की एवढे. आता द्यायचे बंद करा, हिशेब तोच."

संध्याकाळी बदरुद्दीन माझ्या खोलीवर आला. पहिल्यांदाच. बसला नाही.

"भाऊ, एकच विचारतो. दीडशेचा मुआजला कुणी सांगितला? तुमी तर लिवला नाय ना?"

साठीचा माणूस. चपला बाहेर काढून आला होता.

"मी? नाही," मी म्हटलं.

"नाय ना?"

"चाचा, मी कशाला लिहीन?"

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "मग आमच्यातलाच."

२३ मार्च, शुक्रवार. दम्माम

शोभनाला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे नोकरी जाणार होती, दुसरी मिळाली, एवढंच. ती रडलीच. "मला महिनाभर माहीत होतं," म्हणाली. "जयदीपच्या बायकोने सांगितलं होतं. तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून थांबले." सामान बांधायची यादीसुद्धा करून ठेवली होती तिने. ती फाडून टाकली. गौरीने ओरडून विचारलं, "सो वी आर स्टेइंग?" मी हो म्हटलं.

बिर्याणी मागवली. दोघी किती हसत होत्या!

२५ मार्च, रविवार. हफ्र

मुआजच्या कागदावर सही केली. पगार तपासनीसाची जागा सौदी माणसाचीच असावी लागते, म्हणून कागदावर तिथे एका सौदी मुलाचं नाव आहे. तो ऑफिसात येत नाही, घरी पगार जातो. माझ्या इकाम्यावर व्यवसाय लिहिणार "गोदाम कामगार". कुणी विचारलं तर गोदामात असतो म्हणायचं.

२८ मार्च, बुधवार

सगळे आकिबवर उलटलेत. मला बाळारामबद्दल सांगणारा तोच, हे त्यानेच भाबडेपणाने कबूल केलं होतं. जो एकदा बोलला तो परत बोलणार, असं म्हणे. त्याचं ताट वेगळं केलं. गादी खोलीबाहेर व्हरांड्यात काढली. खड्ड्यात पाइप उतरवताना कुणी दोराचं दुसरं टोक धरत नाही, एकटाच ओढत होता. हात सोलून निघालेत.

मला बघून जवळ आला. या वेळी सरळ डोळ्यांत पाहिलं. "भाऊ, तुमी चाचाला सांगा ना. मी फक्त तुमच्याशी बोललो, मुआजकडे कधीच गेलो नाय. तुमचं ऐकतील."

"बोलतो," मी म्हटलं.

बोललो नाही. काय बोलणार? तो नाही म्हटलं, तर मग कोण?

तीन दिवस राहिलेत. एकदा इकामा हातात पडू दे. मग सांगतो.

१ एप्रिल, रविवार

रुजू झालो. परिशिष्ट सात आजपासून नाही. साइटवर काहीच वेगळं दिसलं नाही.

३ एप्रिल, मंगळवार

आकिब अजून व्हरांड्यातच. मुआज म्हणाला, पुढच्या आठवड्यापासून रस्त्याच्या साइटवर जा. बरं झालं. इथे थांबवत नाही.

९ एप्रिल, सोमवार

नवा इकामा आला. बदरुचाचाचा फोन आला.

बाळाराम गेला. महिन्याचे दीडशे बंद झाले म्हणून त्याने दावा मागे घेतला, कंपनीने दोन दिवसांत एक्झिट दिली, काल चाकाच्या खुर्चीतून विमानात बसवला. जायच्या आधी त्याने सगळ्यांना खाटेभोवती गोळा केलं आणि सांगितलं, मुआजला दीडशेचं मीच बोललो. घरी जायच्या विमानभाड्यासाठी बोललो. आकिबचा काही दोष नाही.

"आकिबला आत घेतला," चाचा म्हणाला. "भाऊ, खोटा नाय बोलनार. इतके दिवस माझ्या मनात तुमचाच संशय होता. माफी मागायला फोन केला."

मी म्हटलं, "असू दे, चाचा."